‘घरी करून घ्या’ म्हणताना

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईला मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागातून निघताना बहुतेक वेळा एक कागद मिळतो. त्यावर हातापायांची रेखाचित्रं असतात, प्रत्येक चित्राखाली ‘दहा वेळा, दिवसातून तीनदा’ असं लिहिलेलं असतं. कागद देणारी व्यक्ती म्हणते, ‘हे घरी करून घ्या, महिन्यानं या.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. बाहेर रांग खोळंबलेली असते आणि विभागात माणसं दोनच असतात. पण त्या एका वाक्यानं आपली आरोग्यव्यवस्था एक फार मोठं काम एका बाईच्या पदरात टाकून मोकळी होते.

मी घरी होणाऱ्या उपचारांच्या बाजूची आहे. गावोगावी थेरपी केंद्रं उभी राहिली असती, तरीही मी घराचीच बाजू घेतली असती. म्हणूनच घरचा उपचार म्हणजे नेमकं काय, तो कोणी करायचा आणि करणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभं राहायचं, हे प्रश्न मला सोडवत नाहीत.

या मुलांच्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या कोवळ्या काळात इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. वाढतं ते मूल, आणि वाढत्या शरीरावर तिचे परिणाम दरवर्षी वेगळे दिसू लागतात. स्नायू ताठ राहतात, हाडांच्या वाढीला पुरे पडत नाहीत, सांधे आखडतात, खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ही अवस्था आढळते. आपल्याकडे जन्मताना कोंडलेला श्वास, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, वेळेवर उपचार न झालेली कावीळ आणि मेंदूपर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग ही कारणं वारंवार दिसतात. म्हणजे बाळंतपणाची आणि नवजात बाळांची नीट सोय असती, तर यातल्या अनेक मुलांवर ही वेळ आली नसती. एकदा इजा झाली की ‘बरं होणं’ ही भाषा तिथं चालत नाही. उरतो प्रश्न तो आजच्या आणि उद्याच्या दिवसाचा: हे मूल जेवेल कसं, बसेल कसं, काय हवं ते सांगेल कसं, आणि गल्लीतल्या पोरांत मिसळेल कसं.

अक्राणीतल्या पाड्यावरून किंवा भामरागडमधून निघालेली आई मुलाला खांद्यावर टाकून जिल्ह्याच्या गावी पोचते, तेव्हा दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि मूल प्रवासानं आंबून गेलेलं असतं. पुढची अर्धा तासाची थेरपी ते रडण्यात घालवतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचं तरी काय वेगळं? आठवड्यातले दोन-तीन तास मूल थेरपिस्टच्या हाती असतं आणि बाकीचा सगळा वेळ ते घरात असतं. त्या वेळात ते कुठल्या तरी स्थितीत बसतं, निजतं, खातं, उचललं जातं. त्याचं शरीर घडतं किंवा बिघडतं ते त्या तासांत. म्हणून घरच्या उपचाराकडे ‘व्यायामाचा तास’ म्हणून पाहणं मला चुकीचं वाटतं. दिवसभरात मुलाशी जे जे केलं जातं त्याची मांडणी बदलणं, हा त्याचा गाभा आहे.

उचलण्यापासूनच बघू. आपल्याकडची बाई मूल सवयीनं कडेवर घेते. कडेवर बसलेल्या मुलाचे पाय कंबरेच्या दोन्ही बाजूंना फाकतात, धड उभं राहतं, मानेला काम मिळतं आणि नजरेसमोर चूल, रस्ता, माणसं येतात. ज्या मुलाच्या पायांची कात्री पडते, त्याला यापेक्षा चांगली स्थिती महागड्या साहित्यातही सहज मिळत नाही. पण हे मूल नाजूक, त्याला काही होईल, या भीतीनं चार वर्षांचं झालं तरी त्याला तान्ह्या बाळासारखं दोन हातांवर आडवं घेतलं जातं. मग पाय एकमेकांवर चढतात, मान मागे लोंबते आणि डोळ्यांना दिसतं ते छत. डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ या पुस्तकात उचलण्या-बसवण्याच्या अशा गोष्टी साध्या रेखाटनांनी दाखवल्या आहेत. मेक्सिकोतल्या आहोया नावाच्या डोंगराळ गावात अपंग तरुणांनीच चालवलेल्या पुनर्वसन केंद्रातल्या अनुभवातून ते पुस्तक घडलं. चाळीस वर्षं होत आली, तरी आपल्या जिल्हा रुग्णालयांतून मिळणाऱ्या कागदांवर कडेवर घेतलेल्या मुलाचं चित्र क्वचितच असतं.

जेवणाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण या मुलांचा जीव बहुतेक वेळा तिथंच धोक्यात येतो. चावता-गिळता न येणाऱ्या मुलाला मांडीवर उताणं घेऊन, मान मागे टाकून, पातळ पेज किंवा दूध वाटीनं तोंडात ओतणं हे अनेक घरांत चालतं. घास लवकर संपतो, म्हणून ते सोयीचंही वाटतं. पण मान मागे असताना पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. मूल खोकतं, कासावीस होतं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना वाटतं, ‘याची छातीच कमजोर.’ त्याच मुलाला पाठ टेकून ताठ बसवलं, हनुवटी किंचित छातीकडे आणली, पेजेऐवजी घट्टसर खिमट किंवा चांगला कुस्करलेला वरणभात दिला, चमचा वरून न आणता समोरून, ओठांच्या पातळीवर आणला आणि गिळून होईपर्यंत वाट पाहिली, तर तेच जेवण अंगी लागण्याची शक्यता वाढते. यात खर्च काही नाही. लागतो तो वेळ. एका जेवणाला पाऊण तासही लागू शकतो. आणि लागतो घरी येऊन जेवताना बघणारा जाणकार माणूस, कारण आई कशी भरवते हे रुग्णालयाच्या टेबलावर कधीच कळत नाही. पुरेसं न खाल्लेलं मूल कुठलाही व्यायाम करू शकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये. तरीही थेरपीच्या कागदावर आधी पाय येतात आणि घास येतच नाही.

बसवण्याचंही तेच. भिंतीचा कोपरा, दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या, मांड्यांमध्ये एक उशी, पुढ्यात पाट: एवढ्यावर जे मूल एरवी दिवसभर गोधडीवर पडून असतं, त्याचे हात मोकळे होतात. हात मोकळे झाले की त्याला भांडं वाजवता येतं, मटार सोलणाऱ्या आजीच्या ताटात हात घालता येतो. हा उपचारच आहे. ज्या घरात तो असा चालतो, तिथं त्याला कोणी थेरपी म्हणत नाही, आणि म्हटलं नाही तरी बिघडत नाही.

संशोधन आज काय सांगतं, तेही आपल्या पालकांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. १९४० च्या दशकापासून बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं लंडनमध्ये विकसित केलेल्या पद्धतीचा जगभरच्या थेरपिस्टांवर मोठा प्रभाव पडला. आपल्याकडच्या कित्येक थेरपिस्टांची घडणही त्याच परंपरेत झाली. बोबाथांनी या मुलांकडे बारकाईनं पाहायला शिकवलं, ते ऋण मोठं आहे. पण थेरपिस्टनं आपल्या हातांनी मुलाची हालचाल ‘सुधारून’ द्यायची आणि मुलानं ती अनुभवायची, या मूळ कल्पनेला पुढच्या अभ्यासांतून पुरेसा आधार मिळाला नाही. आधार मिळाला तो उलट दिशेनं. मुलाला स्वतःला हवीशी वाटणारी एखादी गोष्ट ठरवायची, तिचे छोटे भाग करायचे आणि ती खऱ्या जागी, खऱ्या वस्तूंनी, मुलानं स्वतः पुन्हा पुन्हा करायची. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ३६ मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. ध्येय घरच्यांनी ठरवलं, थेरपिस्टनं त्याप्रमाणे घरचा कार्यक्रम आखून दिला आणि मधल्या काळात साथ दिली. आठ आठवड्यांनंतर कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या कामात स्पष्ट फरक दिसला. पालकांनी प्रत्यक्षात केलं किती? महिन्यातून सरासरी साडेसतरा वेळा, दर वेळी साधारण साडेसोळा मिनिटं.

हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. आपल्याकडे आईला दिवसातून तीनदा पाऊण तास सांगितलेला असतो. तो होत नाही, आणि न झाल्याची टोचणी तिला रात्री झोपू देत नाही. दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं, पण नेमक्या गोष्टीसाठी आणि सोबत मिळत असताना, एवढ्यानं मूल पुढे सरकलं, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

दुसरीकडे, कागदावरचे बहुसंख्य व्यायाम हात-पाय धरून ताणण्याचे असतात. आखडलेले सांधे रोखण्यासाठी स्नायू ताणण्याच्या उपायांचा कॉक्रेन संस्थेनं २०१७ साली घेतलेला आढावा सांगतो, की मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांत सात महिन्यांपर्यंत केलेल्या अशा ताणण्यानं रुग्णाला जाणवेल असा फरक सांध्यांच्या हालचालीत पडत नाही. म्हणजे रोज रडणाऱ्या लेकराचे पाय धरून ताणणारी आई ज्यासाठी जीव तोडते आहे, त्याचा पाया भक्कम नाही. त्यात तिचं आणि मुलाचं नातं मात्र सोसतं. आई दिसली की मूल अंग आकसून घेतं. तेल लावायला हरकत नाही, उलट त्या हातांचा मायेचा स्पर्श मुलाला हवाच असतो. पण मालिश करून पाय सरळ होतील, हे आश्वासन कुणी देऊ नये.

घरच्या उपचारानं घराचंच केंद्र करून टाकलं तर काय होतं, याचंही एक मोठं उदाहरण आहे. फिलाडेल्फियात ग्लेन डोमन यांनी १९५५ साली स्थापन केलेल्या संस्थेनं ‘पॅटर्निंग’ नावाची पद्धत पसरवली. तीन ते पाच मोठी माणसं मुलाभोवती उभी राहून त्याचे हात, पाय आणि डोकं ठरावीक लयीत हलवत, दिवसातून अनेक वेळा, रोज, वर्षानुवर्षं. त्यासाठी घरच्यांबरोबर शेजारीपाजारी पाळी लावून येत. संपूर्ण घर त्या वेळापत्रकाला जुंपलेलं असे आणि फरक पडला नाही, तर अर्थ एकच निघे: तुम्ही कमी पडलात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६८ मध्ये या पद्धतीविरुद्ध इशारा दिला आणि नंतर १९८२ व १९९९ मध्ये तो पुन्हा दिला. तरी तिचं आकर्षण संपलं नाही, कारण ती पालकांना सांगत होती, की सगळं तुमच्या कष्टांवर आहे. दुःखात बुडालेल्या माणसाला काहीच हातात नसण्यापेक्षा सगळं आपल्या हातात असल्याचं ऐकणं बरं वाटतं. आपल्याकडे आज समाजमाध्यमांवर ‘सहा महिन्यांत चालवून दाखवतो’ म्हणणारे जे आहेत, ते याच आशेवर जगतात.

चालेल का? प्रत्येक आईबाप हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर फार कमी डॉक्टर देतात. ते देता येत नाही असं नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर मांडले. पहिल्या स्तरातलं मूल धावतं, पायऱ्या चढतं. पाचव्या स्तरातल्या मुलाला मान आणि धड सावरायलाही आधार लागतो. २००२ साली ऑंटारिओतल्या ६५७ मुलांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं, की पहिल्या स्तरातली मुलं आपल्या हालचालींच्या क्षमतेचा ९० टक्के टप्पा साधारण पावणेपाच वर्षांच्या सुमाराला गाठतात आणि पाचव्या स्तरातली पावणेतीन वर्षांच्या आसपास. हे कळलेले आईबाप खचतील, म्हणून ते सांगायचं नाही, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मला तो क्रूर वाटतो. चौथ्या-पाचव्या स्तरातल्या मुलाला दहा वर्षांचं होईपर्यंत चालवण्याच्या नादात त्याचं बसणं, खाणं, खेळणं, शाळा, सगळं टांगून ठेवलं जातं. जमीन विकून झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही ते चालत नाही. आणि मग उरलेल्या आयुष्यासाठी त्याच्याकडे ना बसायला धड खुर्ची असते, ना ‘हो’ किंवा ‘नको’ सांगायची खूण.

ही खूण हा माझ्या दृष्टीनं घरच्या उपचाराचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला कळत नाही, असं गृहीत धरलं जातं. मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९६६ साली जन्मलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या या मुलीसाठी तिची आई, मिथू अलूर, हिनं इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलं आणि १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली; कुलाब्यात विशेष शाळा सुरू झाली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला शिकल्या आणि करंगळीनं एकेक अक्षर टंकत त्यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्या सुशिक्षित, साधनसंपन्न घरातल्या होत्या, हे खरंच. पण त्यांना पुढे नेणारं पाऊल पायांचं नव्हतं. अक्षर आणि भाषा त्यांच्या बोटाखाली पोचली, ते पाऊल निर्णायक ठरलं. पुठ्ठ्यावर चिकटवलेली चार चित्रं, पाणी, भूक, शी-शू आणि बाहेर, आणि मुलाची नजर कुठं जाते हे बघण्याची सवय: खानदेशातल्या कुडाच्या घरातही एवढं करता येतं. त्यासाठी कुणीतरी आईला आधी हे सांगावं लागतं, की तुमच्या मुलाला कळतं.

आता आईबद्दल. घरचा उपचार म्हटलं, की ‘घर’ हा शब्द आपण एका बाईसाठी वापरत असतो. स्वयंपाक, धुणं, दुसरं मूल, सासू-सासरे, शेत किंवा कामावर जाणं, यात तिसऱ्या कोपऱ्यात थेरपी. ‘तिच्याच पोटी असं कसं निपजलं’ हे टोमणे वेगळेच. नवरा नीट असला तरी तो म्हणतो, ‘तिला जमतं, मला नाही जमत.’ मूल आठ वर्षांचं होतं, वीस किलोचं होतं. आंघोळीसाठी, संडाससाठी, उन्हात बसवण्यासाठी ती ते दिवसभर उचलते आणि पस्तिशीत तिची कंबर जाते. या बाईच्या दिवसात आणखी तीन व्यायाम घुसवणाऱ्या कागदाला मी उपचार म्हणायला तयार नाही. ज्या थेरपिस्टनं तिच्या दिवसातलं एक ओझं कमी करायचा उपाय शोधला, मग तो भरवण्याची सोपी रीत असो किंवा भावाच्या पाळीची आखणी, त्यानं मुलावरच उपचार केला. वडिलांना, आजोबांना, मोठ्या बहिणीला घराच्या ओट्यावर बसवून दाखवून दिलं तर तेही शिकतात. पण रुग्णालयात आई एकटीच येते आणि शिकवलं तिलाच जातं.

म्हणून माझा आग्रह आहे तो घरी येणाऱ्या माणसाचा. उपचार घरी व्हायचा असेल, तर शिकवणारा आधी घरी यायला हवा.

आणि महाराष्ट्रानं याबाबतीत जगाला शिकवलेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देण्यापासून जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंतची कामं त्या आरोग्यदूत बायकांनी केली, तेव्हा वैद्यकाच्या क्षेत्रात भुवया उंचावल्या होत्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर जन्मानंतर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरभेटी देतात. २०१८ पासून त्यांत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींची भर पडली. थोडी पढिक बाई नवजात बाळाला इंजेक्शन देऊ शकत असेल, तर कडेवर कसं घ्यावं आणि घास कसा द्यावा हे ती नक्कीच शिकवू शकते. शिवाय ज्या बाळांना आपण वाचवतो, त्यांतली काही इजा घेऊन जगतात. त्यांना वाचवणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी बेचाळिसाव्या दिवशी संपत नाही.

त्या पाच भेटींचे महिने बघा. चार महिन्यांनंतरही बाळानं मान न धरणं, मुठी सतत घट्ट आवळलेल्या असणं, पाय ताठ होऊन एकमेकांवर चढणं, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय न बसणं, वर्षाच्या आतच एकच हात वापरणं आणि दुसरा मुठीत धरून ठेवणं: या खुणा नेमक्या याच काळात दिसतात. अनुभवी तज्ज्ञ आणि योग्य तपासण्या असतील, तर सेरेब्रल पाल्सीचं निदान सहा महिन्यांच्या आत होऊ शकतं, हे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. शेजारच्या बांगलादेशातल्या नोंदवहीनं मात्र दाखवलं, की तिथं निदानाचं सरासरी वय पाच वर्षांवर आहे. पाचव्या वर्षी निदान म्हणजे वर सांगितलेला सगळा सुपीक काळ निघून गेलेला. आपल्याकडे ‘उशिरा चालेल, याच्या बापानंही उशीरच केला होता’ हे वाक्य या काळात किती महिने खातं!

सरकारकडे चौकट नाही, असं म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच आपल्या पालघरमधून २०१३ च्या फेब्रुवारीत झाली. त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांच्या लवकर निदान-उपचारासाठी केंद्रं आली. पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, आणि अडचण इथंच आहे. तमिळनाडूतल्या आयकुडी गावात १९८१ पासून काम करणाऱ्या अमर सेवा संगम या संस्थेनं उलटा रस्ता धरला. गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या पुनर्वसन कार्यकर्त्या मुलाच्या घरी जातात आणि मोबाइलवरच्या नोंदींच्या आधारे दूरवरचे तज्ज्ञ त्यांना सल्ला देतात. तज्ज्ञ इथं नाहीसा होत नाही. त्याचं ज्ञान उंबऱ्यापर्यंत पोचतं आणि नेणारी व्यक्ती त्याच बोलीत बोलते.

हेच काम आशांकडे द्यावं, असं कोणी म्हणेल. खुणा ओळखून पुढे पाठवण्यापुरतं मला ते मान्य आहे. पण दर आठवड्याच्या भेटी, भरवणं, बसवणं, कुटुंबाशी बोलणं हे आशांच्या आधीच फाटलेल्या झोळीत टाकू नये. कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या बाईकडून एका दुसऱ्या राबणाऱ्या बाईला मदत करवून घेऊन व्यवस्थेनं हात झटकणं, हा तोच जुना अन्याय. त्यासाठी वेगळी, पगारी, शिकवलेली माणसं हवीत. त्या कामावर दिव्यांग मुलांच्या माताही येऊ शकतील, कारण या कामातलं कळणं त्यांच्याइतकं कुणाकडे नसतं.

घरानं जे करू नये, तेही मान्य करायला हवं. ज्या मुलांना चालता येत नाही किंवा आधारानं थोडंच चालता येतं, त्यांच्यापैकी अनेकांचा खुबा वर्षांगणिक जागेवरून सरकत जातो. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसतही नाही, एक्स-रेमध्येच कळतो. झटक्यांची औषधं, दृष्टी आणि श्रवणाच्या तपासण्या, स्प्लिंटचं माप, गरज असेल तिथं शस्त्रक्रिया, ही रुग्णालयाची कामं आहेत. घरी येणारा कार्यकर्ता ‘आता खुब्याचा फोटो काढायला चला’ म्हणणारा असला पाहिजे. ‘घरचा उपचार चालू आहे’ म्हणून वर्षानुवर्षं कुणी डॉक्टरच न पाहिलेली मुलं, हा या कल्पनेचा सर्वांत मोठा धोका आहे. शाळेबाबत हेच घडताना दिसतं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविध आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. हेतू चांगला होता. पण विशेष शिक्षक क्वचितच पोचतो, पटावर नाव राहतं आणि मूल ओसरीवरच राहतं. घरचा उपचार मुलाला घराबाहेर काढणारा असावा, घरात मिटवून टाकणारा नसावा.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मूल सोबत. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे फडाजवळची खोपी. या कुटुंबातल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा बोलावण्यात काहीच अर्थ नाही, आणि बीडचं केंद्र कितीही चांगलं असलं तरी हंगामात ते मूल कोल्हापूरला किंवा बेळगावच्या बाजूला असतं. त्याचं कार्ड, त्याच्या नोंदी आणि त्याला भेटणारी कार्यकर्ती त्याच्या मागे जायला हवी. कारखान्याच्या परिसरात हंगामापुरती ही सोय करणं साखर कारखान्यांना आणि सरकारला जड नाही. तिथं शिकवायचं काय, तेही उघड आहे: पहाटे फडात जाण्याआधी मूल कुणाजवळ आणि कसं बसवून ठेवायचं, दुपारी कोण भरवणार, आणि सोबत आलेल्या आठ वर्षांच्या बहिणीला शाळेत धाडून ते काम दुसऱ्या कुणाकडे कसं द्यायचं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद शब्दशः आहे. केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेत काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे. तरीही घरी बसून काळजी घेणं हे काम आहे आणि त्याला मोबदला असतो, हे तत्त्व एका राज्यानं कागदावर मान्य केलं. महाराष्ट्रानं ही रक्कम किमान एका शेतमजूर बाईच्या महिन्यातल्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीएवढी ठेवावी, ती थेट काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात द्यावी, आणि जिल्ह्याच्या केंद्रातल्या प्रत्येक थेरपिस्टच्या आठवड्यातले दोन दिवस घरभेटींसाठी राखून त्यासाठी गाडी द्यावी. त्याच्या नोंदवहीत आज ‘किती मुलांना व्यायाम शिकवला’ असा रकाना असतो. त्याजागी मूल या महिन्यात घरी काय करू लागलं आणि आईला आठवड्यात किती तास मोकळे मिळाले, हे दोन रकाने असावेत, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत तेच वाचले जावेत.